त्सादेचा पाय

चार अक्षरं. सिम्हाबाई तळकरांनी आणली,
औषधाच्या पावतीमागे पेन्सिलीनं काढून,
वर बाण : इकडून सुरू करा, उजवीकडून.
मी म्हटलं, ठाऊक आहे.
रास्ता पेठेतल्या तुमच्या माणसांचे
अकरा दगड कोरलेत मी.

योद. अयिन. बेथ. त्सादे.
याबेस. खडकीच्या कारखान्यात फिटर.
सगळे दिमोनाला गेले, हा गेला नाही,
म्हणे तिकडं भाजीवर कोथिंबीर फुकट देत नाहीत.

अर्थ काय, विचारलं. सवय आहे.
अर्थ कळला की हात चुकत नाही.

"दुखणं," त्या म्हणाल्या. "वेणांचं.
शास्त्रात याद्या चालल्यात, अमक्याचा तमका,
तमक्याचा आणखी कोणी,
आणि मध्येच एक बाई कण्हते.
तिचं नावसुद्धा दिलेलं नाही.
फार सोसून याला जन्म दिला, म्हणते, म्हणून याबेस.
पुढं तो देवाला मागतो, मला दुखू नये.
देव देतो. मग पुन्हा याद्या.
आमच्याचे गुडघे मात्र शेवटपर्यंत दुखले."

पानशेत फुटलं त्या दिवशी जन्मलेला.
गावात पाणी चढतंय, आई ससूनमध्ये, दुसरी रात्र.
तरी पण, मी म्हटलं,
पोराच्या गळ्यात दुखणं बांधतं का कोणी?

तेव्हा त्यांनी माझाच खडू घेतला.
फरशीवर दुखणं लिहिलं : अयिन, त्सादे, बेथ.
त्याखाली भाऊ.
"बघा. शेवटच्या दोघांनी पाट बदललेत.
चूक म्हणा. मी म्हणते, आईनं बदलले.
तसंच्या तसं लागू नये अंगाला."

मी उकिडवा बसून पाहत राहिलो.
दुखण्यात त्सादे मध्ये अडकलेला, पाय दुमडून.
नावात तो शेवटी येतो
आणि पाय सोडतो, ओळीच्या खाली, बोटभर.
त्या बोटभरासाठी
सगळा दगड पुन्हा आखावा लागला.

त्या गेल्यावर भुकटीत
बायकोचं नाव लिहिलं. नकुसा.
माणमधली, चौथी पोर.
तिच्या घरच्यांनी काही उलटंसुलटं केलं नाही,
तोंडात आलं ते ठेवलं.
मी फिरवून पाहिलं. कुनसा. सानकु. साकुन.
आपली अक्षरं हट्टी, जागा बदलली तरी काही बोलत नाहीत.
मग नुसता न पुसला.
कुसा.
कूस म्हणावं तर ऱ्हस्व-दीर्घ जुळेना,
आणि मी काही पंडित नाही,
अक्षरामागं साठ रुपये घेणारा माणूस.

रात्री हाक मारली : ए कुसा.
भाकरी थापायची थांबली नाही ती.
"छिन्नी जिभेला लागली काय?"

दुसऱ्या हाकेला आली मात्र,
हात पिठाचे.