रिकामे ड्रम

पहाटे तीनला खालून कुणीतरी
फरशीवर टकटक केली.
मन्मथ म्हणाले, मांजर असेल.
मांजर एवढ्या धीरानं ठोठावत नाही.

टॉर्च घेऊन जिन्यात गेलो
तर तिसरी पायरी नव्हती.
चहाच्या गाळासारखं पाणी, अगदी शांत,
आणि त्यावर आमचे निळे ड्रम,
एकवीस,
आडवे होऊन, छताला अंग घासत,
पंगतीत जागा शोधणाऱ्या पाहुण्यांसारखे
एकमेकांना ढकलत होते.

रेल्वेनं पाणी आलं, ते साल.
तेव्हा हे तळघर म्हणजे लातुरातली आमची तिजोरी.
ड्रमाला झाकण, झाकणावर जुनं पातळ,
पातळावर दगड,
किल्ली माझ्या कमरेला.
सोनं वर कपाटात उघडंच असायचं.
भिंतीवर मन्मथ कोळशानं लिहायचे:
टँकर चार तारखेला.
मग अठराला.
मग नुसतीच एक रेघ.

बोर सातशे वीस फूट मारला.
धूळ निघाली, पिठासारखी पांढरी.
कांताबाईंनी वाळत घातलेल्या पापडांवर जाऊन बसली,
चार महिने बोलल्या नाहीत त्या.

पुढं नळ सुरू झाला. आठवड्यानं, मग पाच दिवसांनी.
ड्रम रिकामे होत गेले,
पण भंगारवाल्याची हाळी आली की
आमच्यातलं कुणीतरी एक उठून
पुढचं दार लावून घ्यायचं.

आणि आता भादव्यात चार दिवस, चार रात्री.
नाल्याचं नाही, रस्त्याचं नाही,
हे भिंतीतून आलं. मुरमातून,
काळ्या दगडाच्या फटीतून.
सातशे वीस फुटांवर जाऊन ज्याला हाका मारल्या
ते नऊ फुटांवर येऊन बसलं होतं,
शिलाई मशीन बुडवून,
दोन पोती गहू फुगवून,
लेकाची सगळी प्रगतिपुस्तकं
एका लगद्यात पास करून.

खदीरभाई मोटार घेऊन आले.
आधी मेन स्विच पाडला, मग चप्पल काढली.
"भाभी, तुमच्या बोरात पाईप मीच सोडला होता ना?"
हो, म्हटलं. पैसेही घेतले होते.
"मग आज राहू द्या."

पाईप गल्लीत सोडला.
पाणी धबाधबा गटारीकडं निघालं
आणि माझ्या पोटात खड्डा पडला.
वरच्या खोलीतली पोरगी, डॉक्टरकीचा क्लास करते,
किनवटची आहे. म्हणाली,
"जाऊ द्या मावशी. पैनगंगा आली की
आमची आई पुढचं-मागचं दोन्ही दारं उघडते."
शहाणी पोरगी.
मी ऐकलं आणि बकीट आणायला धावले.

घाण पाणी. कशाला होतं ते?
झाडांना, संडासला, अंगण धुवायला,
कशालाही. नाही तर उगंच.
भरलेली बकीट ठेवून वळले तर
कांताबाईंनीही पाईपाखाली कोपर लावलेला.
आम्ही एकमेकींकडं बघितलं नाही.
तिनं कोपर जरा सरकवला,
माझी दुसरी बकीट मावेल इतका.

चिखल उपसायला पाच दिवस गेले.
फिनेल टाकलं, चुना मारला, वास तसाच.
कोळशाची अक्षरं मात्र गेली नाहीत.
चार तारीख पुसट आहे,
अठरा अजून वाचता येते.
मन्मथांनी त्याखाली आजची तारीख लिहायला
कोळसा उचलला,
आणि तसाच खिशात टाकला. सदरा पांढरा होता.

ड्रम आता गच्चीवर, उलटे, उन्हात.
रात्री गार होताना एखादा मधूनच वाजतो,
टक्.
मन्मथ झोपेत म्हणतात, मांजर.
मी उठते, दिवा न लावता जाते,
आणि पायानं पायऱ्या मोजते,
पहिली, दुसरी,
तिसरी.