उष्टा गोल

बर्फ आम्ही पाहिला होता तो रसवंतीवर,
गोणपाटात गुंडाळलेला, भुसा लागलेला.
तरी उईके सर म्हणायचे, हा खेळ बर्फाचा आहे,
अन् आम्ही चाकांच्या बुटांवर
इंदोऱ्यातल्या सिमेंटच्या रिंगणात,
मे महिना, सकाळचे साडेपाच,
कारण आठनंतर काठीची मूठ धरवत नसे.

सर फौजेतले. भरती कामठीची, लेहला सात हिवाळे.
डाव्या पायाची दोन बोटं तिकडेच राहिली.
ती कुठे पुरली असतील, यावर आम्हा पोट्ट्यांच्या
पैजा लागत.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं,
मारायला कोणाला आवडते?
सगळे हात वर.
मी उशिरा आलेली, लेस बांधत होते.
"मग तू गोलसमोर उभी राह्य. लोकं मारतील.
परत येईल ते तुझं."

परत येईल ते.
ट्रकच्या टायरमधून मोमीनपुऱ्याच्या चाचांनी
कापून दिलेली चकती, एका बाजूनं किंचित जाड.
सुहानीच्या पॅडवर आदळली की
कुठे जाईल ते सुहानीलाही ठाऊक नसे.
पॅड म्हणजे जुन्या गादीचा कापूस, वरून रेक्झिन.
घामानं भिजलेला असला तर चकती पायाशीच मरे,
उन्हात वाळलेला असला तर हातभर उसळे.
मी रोज आधी तिचे पॅड चाचपून पाहायची.
हे कोणी शिकवलं नव्हतं.

नडगीवर लागलं, कोपरावर, एकदा दातावर.
रेश्मा मनगट फिरवून फटका हाणायची
तेव्हा रस्त्यावरची माणसं कंपाउंडला लटकत.
मी वाकून, पाठीत दोन काठ्या झेलत
चकती नुसती ढकलायची.
पोरं म्हणत, उष्टं खाते बे ही.

आई कॅटरिंगवाल्याकडे वाढायला जायची,
रात्री अकराला डबा घेऊन परतायची.
तिला सांगितलं तर डब्याचं झाकण काढता काढता म्हणाली,
उष्ट्याला तोंड लागलेलं असते.
हे उरलेलं आहे. खा.

एका रविवारी सरांनी सायकलरिक्षात
बर्फाची अख्खी लादी आणली.
टोकाला वीट ठेवली अन् चकती सोडली.
सिमेंटवर ती खरडत यायची, कुरकुरत.
इथे आवाजच नाही.
गेली, विटेला लागली,
अन् मी काठी टेकवायच्या आत
बोटांवरून पार.
"पुन्हा."
पुन्हा.
"काहून चकतीकडे पाहतेस? वीट पाह्य.
ती कशी उभी आहे ते पाह्य."
बाराव्या खेपेला लादी मधून खचली.
पाणी उतारानं गोलकडे गेलं,
सुहानीनं त्यात रुमाल भिजवून मानेवर ठेवला.
सर उरलेल्या तुकड्यावर
उघडे पाय टेकवून बसले, बराच वेळ.
आम्ही बोटं मोजली. आठ.

पुण्याला आमचा एकच गोल झाला. चार-एकनं हरलो.
रेश्माचा फटका, त्यांच्या गोलकीपरचा उजवा गुडघा,
जरा आत वळलेला,
मी तो आधीपासून पाहत होते.
पेपरात अडीच ओळी आल्या: गोल, रेश्मा पौनीकर.
रेश्मानं पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

परवा लग्नाची पत्रिका द्यायला सरांकडे गेले.
दाराच्या मागे ते कात्रण, पिवळं पडलेलं.
रेश्माचं नाव खोडलेलं नाही,
खाली निळ्या पेनानं माझं,
आडनाव चुकलेलं.

सरांनी पत्रिका डोळ्यांपासून लांब धरून वाचली,
मग कात्रणाकडे पाहिलं, मग पुन्हा पत्रिकेकडे.
"हे असं लिहितात होय," म्हणाले,
अन् पेन शोधायला आत गेले.