अकरा सेकंद

सूरची शाळा. चौथी ब. तिसरा तास.
शेवटच्या बाकावर मी, गुडघे आडवे घालून,
मांडीवर निरीक्षणाचा तक्ता, एकवीस रकाने,
मुठीत स्टॉपवॉच, चोरून आणलेल्या गोळीसारखं.

चौदा सप्टेंबर झाले, मस्कतच्या आमच्या कॉलेजात
शिक्षिका व्हायला आलेल्या मुलींना सांगतेय:
प्रश्न विचारलात की थांबा. निदान तीन सेकंद.
त्या लिहून घेतात. परीक्षेत लिहितात. पैकीच्या पैकी.
आणि वर्गात उभ्या राहिल्या
की प्रश्न संपायच्या आत उत्तर देऊन मोकळ्या,
उतू जाणाऱ्या दुधावर झडप घालावी तशा.
दोष देत नाही मी.
तीस पोरं गप्प बसून बघत असली
की सेकंद फुगतात.

आज रय्या अल-अरैमी. आवाज बारीक,
खडूची पूड अबायाच्या बाहीला.
पाठ-टाचणात 'साहित्य' या मथळ्याखाली: दोन पेले.
एकात बंदरावरचं पाणी, पहाटे भावाने भरून दिलेलं.
दुसऱ्यात खिडकीबाहेर एसीच्या नळीखाली
रात्रभर ठिबकून साठलेलं.
पोरांनी दोन्ही चाखली. थू थू केलं. हसली.
(नववा रकाना, सुरक्षितता. नोंद केली.)
मग तिने विचारलं,
ही हवा समुद्रावरूनच येते ना?
तुमच्या सायकली गंजतात ना तिच्यामुळे?
मग ह्या पाण्यातलं मीठ गेलं कुठे?

मी बटण दाबलं.

तीन.
कुठेतरी धाव बांधणाऱ्यांचा हातोडा.
पाच. एक हात वर येतो,
कान खाजवून खाली जातो.
सहा. रय्याने ओठ मिटलेत,
दोन्ही तळवे टेबलावर, जणू टेबल उडून जाईल.

सातव्याला मी शिरोड्यात.
मास्तरांनी विचारलं होतं, मीठ कुठून येतं?
मला माहीत होतं.
आई मिठागरात कामाला.
टोपली डोक्यावर, बांधावरून चालताना मान ताठ,
पायाच्या भेगांत रात्री खोबरेल भरायची
तेव्हा कंदिलाकडे पाठ करून बसायची.
एवढं सगळं एका वाक्यात
कुठल्या टोकाने सुरू करायचं?
मी टोक शोधत होते.
मास्तर म्हणाले, समुद्रापासून.
लिहा. पुढचा प्रश्न.

माझं उत्तर चुकलं असं कोणी म्हटलं नाही.
ते अजून तोंडातच आहे.

नऊ.
दहा.
अग बाई, आता तरी बोलू नकोस.

आणि तिसऱ्या रांगेतला मुन्धिर,
नाक ओढत, उभासुद्धा न राहता:
"मीठ जड असतं, मिस.
त्याला उडता येत नाही."

तो मिल्ह म्हणाला, मला मीठ ऐकू आलं.
चौदा वर्षांत माझं अरबी फारसं सुधारलं नाही
पण ह्या वाक्याला त्याची गरज पडली नाही.

रय्याने पुस्तकातलं उत्तर दिलं नाही.
फळ्यावर त्याचं वाक्य लिहिलं, त्याच्याच शब्दांत,
आणि वळून विचारलं,
पाणी नाही का जड?
आणि पुन्हा थांबली.
या खेपेला मी घड्याळ लावलंच नाही.

रकाना सोळा. थांबा: पुरेसा / अपुरा.
पुरेशावर खूण केली.
शेऱ्यासाठी चार ओळींची जागा होती.
पहिल्या ओळीत लिहिलं,
एसीचं पाणी मुलांना चाखायला देऊ नये.
दोन ओळी कोऱ्या सोडल्या.
शेवटच्या ओळीत, तिला वाचता येणार नाही
अशा माझ्या अक्षरांत:
खरंच जड असतं गं.