मधली फळी

नववा दिवस.
अंगठा टेकवला, तर उचलताना
वार्निशही थोडं वर आलं,
दारात निरोप घेऊनही हात न सोडणाऱ्या पाहुण्यासारखं.

बाकीची होडी कोरडी आहे.
काठ कोरडा, वल्ही कोरडी,
डाव्या कुशीवर नखानं टिचकी मारली तर खणखणीत वाजते.
ही एवढी बसायची मधली फळी
चिकट.

फ्रँकलिनमध्ये असल्या गोष्टी लपत नाहीत.
बेकरीतला ऑर्विल म्हणाला, थंडी आहे, ऑगस्ट सरू दे.
त्याच्या सासूबाई म्हणाल्या, जाड लावलंस, पोरी.
(मी एकसष्ट वर्षांची.)
शाळेची बस चालवायचा तो कॉर्मॅक
डबा हलवून, हुंगून, झाकणावरची तारीख वाचून
काही न बोलता गेला
आणि संध्याकाळी रॉकेलचा हीटर दारात ठेवून गेला.
हीटरनं शेड तापली, मी तापले,
मांजर उबेला आलं, फळीवरून चालत गेलं.
चार पावलं. अजून आहेत.

मग रात्री, गुडघे टेकून,
फळीच्या खालच्या अंगाला नाक लावलं,
जिथं ब्रश पोचलाच नव्हता.
गोड, जरा तिखट,
बंद कपाट उघडावं तसा वास.
ह्युऑन पाइन.
वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर जाड होणारं झाड,
पडलं तर नदीच्या तळाशी वर्षानुवर्षं न कुजता राहणारं,
कारण तेल त्याच्या अंगातच.
तेच झिरपत होतं वर
आणि माझ्या महागड्या डब्याचं काही चालू देत नव्हतं.

बाकी सगळं लाकूड मी विकत आणलंय, पावत्या आहेत.
ही फळी डेन्झिलची.
त्याच्या पलंगाखालून निघाली, वहिनीनं पाठवून दिली.
खालून पेन्सिलनं माझं नाव
आणि वर्ष.
सफरचंदाच्या बागेवरून आम्ही भावंडांनी
एकमेकांना वाळीत टाकलं,
त्याच्या पुढचं वर्ष.

सकाळी खरवडलं सगळं, मांजराच्या पावलांसकट.
ॲसिटोननं पुसलं. फडकं पिवळं.
दुसरं फडकं. तेही पिवळं.
तिसऱ्याला कॉर्मॅक म्हणाला, पुरे, आता लगेच लाव,
पातळ करून,
तेल परत वर यायच्या आत.
अर्धा तास आहे तुझ्याकडे.

अर्धा तास.
मी ब्रश बुडवला, डब्याच्या काठाला निथळू दिला,
वरच्या अंगाला एक हात ओढला, रेषेला धरून.
खाली, पेन्सिलपाशी, ब्रश नेला नाही.

शनिवारी अंगठा टेकवला.
अलगद सुटला.

आता नदीत आहे होडी, चहाच्या रंगाच्या पाण्यात.
वारा आला की मी दोन्ही हातांनी
बसल्या फळीच्या कडा धरते,
आणि बोटं खालून
तेलकट होतात.