गाळा नंबर चार

रविवारी साडेनऊला मी शटर वर करतो.
निम्म्यात अडकतं; पाय लावावा लागतो.
एसटीत तीस वर्षं दारं ओढली,
अडणाऱ्या पत्र्याशी माझं बरं जमतं.

शेजारी हळद पॉलिश करायचा ड्रम.
रविवारी बंद, पण शनिवारची पूड
फटीतून येऊन बसलेली असते
आमच्याआधी, पहिल्या रांगेत.
प्रभुभोजनाच्या मेजावरचा पांढरा कपडा
एस्तेरने तीनदा उकळला, मग नाद सोडला.
आता आमचा पांढरा रंग तोच.

साठ खुर्च्या होत्या.
पाळकसाहेब म्हणाले होते, विश्वासाने मांडा, भरतील.
अठ्ठेचाळीस भरल्याही, एका नाताळला.
त्यातले अकरा बिर्याणीचे.
मी मोजतो. सवय आहे.
माणसं आणि तिकिटं जुळली नाहीत
तर मला झोप लागायची नाही.

मग ते झालं.
कीबोर्ड कुणाचा यावरून सुरू झालं
आणि पवित्र आत्म्यापर्यंत गेलं.
पाळकसाहेब पिंपरीला, कीबोर्डही पिंपरीला,
सात कुटुंबं विश्रामबागच्या एसी हॉलमध्ये,
दोन कुठेच नाहीत.
मला ती दोन टोचतात.

भिंतीवर 'संजीवन बैठक, तीन दिवस' असा कागद राहिला होता.
त्याच्या पाठीवर मी भाड्याचा हिशेब केला.
चार महिने थकलेले.
मालक जिनपाल मगदूम, सरळ माणूस, म्हणाले,
"खुर्च्या परत करा आधी.
रिकाम्या खुर्चीचंबी भाडं भरताय तुम्ही."
पन्नास खुर्च्या टेम्पोत चढवल्या.
गाळा एकदम मोठा झाला.
खोकलं तरी कुणीतरी उत्तर दिल्यासारखं वाटायचं.

पहिल्या रविवारी सात.
मी, एस्तेर, येशुदास हमाल,
कुपवाडच्या मागावरची निर्मला रणदिवे, तिची दोन पोरं,
आणि मिरजेहून बस बदलून येणारी
नर्सिंगची एक मुलगी, जिचं नाव मी दोनदा विसरलो.
गीत फार वरच्या पट्टीत धरलं.
दुसऱ्या कडव्याला कुणीच पोचेना.
थांबलो. हसलो. खालून पुन्हा सुरू केलं.
हसलो, हे इतिवृत्तात लिहून ठेवलंय.

साक्षीच्या वेळी येशुदास उठला.
तरुणपणी हरिपूरच्या पेवांत उतरायचा तो.
म्हणाला, "पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा, दोरीनं.
इझला तर मानसानं उतरायचं न्हाई.
दोन दीस उघडंच ठेवायचं, नुसतं.
आपन काय केलं?
आधी मानूसच सोडला."
आणि खाली बसला.

म्हणून सध्या आम्ही उघडं ठेवलंय, नुसतं.
प्रवचन नाही. एक उतारा वाचतो, गप्प बसतो.
निर्मलाचा धाकटा विचारतो, "संपलं?"
बोर्ड रंगवलेला नाही.
जिनपालना हप्ता जातो, कधी दोन दिवस उशिरा.
किती जण येता हल्ली, कुणी विचारलं
तर पूर्वी मी बिर्याणीचे धरून सांगायचो.
आता सांगतो, सात. पावसात पाच.

शेवटची काही वर्षं माझी ड्यूटी
जतपलीकडच्या मुक्कामाच्या गाडीवर होती.
अख्ख्या गाडीत कधी एकटी म्हातारी,
कधी तीही नाही.
तरी फाट्यावर थांबायचं, आतला दिवा लावून, दोन मिनिटं.
ड्रायव्हर चिडायचा.
मी म्हणायचो, थांबा आहे.

परवा उतारा चालू असताना
शटरखाली दोन बूट दिसले.
त्या दोन कुटुंबांपैकी एकाचा कर्ता.
वाकून आत आला, भिंतीला टेकून उभा राहिला
शेवटच्या आमेनच्या जरा आधीपर्यंत.
हेल्मेट काढलं नव्हतं.

मी रजिस्टरात सातच लिहिले.