पाच ठिपके

ओरुरोत पाणी लवकर उकळतं आणि चहा कच्चाच राहतो.
सेनोबिया कोल्के तो तसाच पिते, हातमोजे न काढता.
टेबलावर खाणकामगारांच्या सोसायटीचा संगणक,
वजनकाट्याजवळचा, पोटात कथिलाची धूळ,
पाचशे बारा एमबी मेमरी.
एवढ्यात नवी सिस्टिम बसवायची
म्हणजे अरुंद जिन्यातून पलंग वर न्यायचा.
आधी पाय सोडवावे लागतात.

तिने सोडवले. रात्री एकपर्यंत काढत बसली:
फॅक्स, मदतीची पानं,
मागचं डोंगराचं चित्र,
मजकूर वाचून दाखवणारी बाई,
आवाजच सगळा,
पत्त्यांचा डाव,
एकशे चाळीस भाषा आणि त्यांचे कीबोर्ड.
एक इंग्रजी तेवढी निघेना, ती राहिली.
'तिथे वजनं करतात,' ती भाच्याला म्हणाली, 'भाषणं नाही.'
विल्मेर हसला. मावशी भांडते आयमारात,
हिशेब करते स्पॅनिशमध्ये,
आणि डिस्कवर कोऱ्या शाईने लिहिते: हलकी, तिसरी.

पहिली चौतीस टक्क्यांवर अडली होती.
'फाइल सापडत नाही.' नावही कुणी न ऐकलेलं,
आमंत्रण द्यायचं राहून गेलेल्या मामासारखी,
आणि मामा आल्याशिवाय अंतरपाट धरणार कोण?
दुसरी पुरी झाली, पण दर वेळी
एक जानेवारी म्हणायची.
सेनोबियाने स्वतःच्या यादीवर दोन तास संशय घेतला.
यादी निर्दोष होती. बोर्डावरचा सेल मेला होता,
नाण्याएवढा, बाजारात सहा बोलिव्हियानोला.

तिसरी बसली.
निळी पट्टी सरकली, थांबली, सरकली,
आणि चौकट आली: पासवर्ड.

दोन एर्मोहेनेसना फोन लावला. मागे वारा.
'ञुफ्लो,' ते म्हणाले.
पाच अक्षरं. पाच ठिपके. चूक.
'परत सांगा.'
'ञुफ्लो. माझा कुत्रा होता. अकरा वर्षं
रोज संध्याकाळी हीच हाक मारली आहे, बाई,
मी चुकेन का?'
पाच ठिपके. चूक.
पाच ठिपके, हळू, एका बोटाने. चूक.

विल्मेर म्हणाला, 'वरच्या चौकटीत लिही ना,
नावाच्या. तिथे ठिपके नसतात.'
तिने लिहिलं.
स्क्रीनवर आलं: अर्धविराम, आणि मग उफ्लो.

बोट बरोबर बटणावर होतं. बटणावर छापलेलं अक्षरही बरोबर,
एन आणि त्याच्या डोक्यावर छोटी लाट.
खाली मात्र त्याला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं.
आपल्याकडे हाच तो ञ,
च छ ज झ झाल्यावर रांग पुरी करायला उभा केलेला,
ज्याने एकही शब्द सुरू होत नाही.
छाटायला बसलात तर तुम्हीही
आधी त्यालाच हात घालाल.

सेनोबियाने चहाचा कप खाली ठेवला.
जुन्या डिस्कवरून ती फाइल शोधली:
स्पॅनिश कीबोर्ड, सात किलोबाइट.
डोंगराच्या चित्रातल्या एका ढगापेक्षा लहान.
परत आत घातली, नवी डिस्क जाळली,
चौतीस टक्क्यांना दोघांनी उगाचच श्वास धरला,
सरकली.
लाटेसकट पाच ठिपके.
दार उघडलं, आवाज न करता.
आवाज तिने काढलाच होता.

'चालू झालं,' ती फोनवर म्हणाली.
'नाव कळलं त्याला?'
'कळलं.'
'आणि पत्ते? वजनगाड्या नसल्या की दुपारी
मी पत्ते मांडतो. ते कुठे असतात आता?'
सेनोबियाने विल्मेरकडे पाहिलं.
विल्मेर यादीकडे.
'जागा नव्हती,' ती म्हणाली.

पुढे बराच वेळ लाइनीवर फक्त वारा.