दोन किलो शंभर

पशुवैद्य कुबातबेकला दोन आकडे हवे होते, सोमवारच्या आत:
कोकरांच्या जन्मवजनाची सरासरी,
आणि प्रमाण विचलन.
दुसरा शब्द मी वहीच्या कडेला उतरवून घेतला,
औषधाचं नाव उतरवून घेतात तसा.

आत-बाशीला अजून बर्फ आहे.
फोनला रेंज फक्त मेंढवाड्यामागच्या चढावर.
तिथे बादली पालथी घालून बसते,
एक हातमोजा दातांत धरून
परक्या पानावरच्या चौकटीत वजनं भरते.
पान फुकट हिशेब करून देतं.
कुणाची, कशाला, विचारत नाही.

आम्ही दशांशाला स्वल्पविराम देतो.
चार स्वल्पविराम दोन. तीन स्वल्पविराम आठ.
पानानं प्रत्येक स्वल्पविरामापाशी
एक नवं कोकरू जन्माला घातलं.
सहाची बारा झाली,
कुणी नऊ किलोचं, कुणी एक किलोचं,
सरासरी सव्वाचार.
आकडा इतका शहाण्यासारखा दिसत होता
की मी पाठवूनच देणार होते.

मग टिंबं दिली. बाराची सहा झाली.
आता पान विचारतं:
हा संपूर्ण समूह, की नमुना?
मी खाली पाहिलं.
अकरा मेंढ्या अजून व्यायच्या होत्या,
पोटं जमिनीला टेकायच्या बेतात.
नमुना, म्हटलं.

चार किलो. विचलन शून्य पूर्णांक पस्तीस.
म्हणजे सगळी एकमेकांच्या आसपास,
वाऱ्यात अंग चिकटवून उभी असावीत तशी.

पण वहीत ओळी सात होत्या.
सातवीपुढे मी काही लिहिलं नव्हतं.
करड्या मेंढीचं, पहाटेचं. हललंच नाही.

शून्य टाकलं.
सरासरी घसरून तीन पूर्णांक त्रेचाळीस,
विचलन उडी मारून दीडच्या वर.
एवढ्याशा शून्यानं सहाही जणांना
एकमेकांपासून लांब ढकललं.
पुसलं. पुन्हा चार.
पुन्हा टाकलं, पुन्हा पुसलं.
बोट बधिर झालं.

सोनूनबूबू, माझी सासू, चहा घेऊन चढ चढली.
तिला प्रमाण विचलन सांगणं मला जमलं नसतं.
एवढंच विचारलं: मेलेल्याचं वजन शून्य लिहू,
की जागा रिकामी सोडू?

ती माझ्याकडे बघत राहिली.
शून्य कसं? मागे मीच नेऊन ठेवलं ना.
हाताला कळत होतं.

आणि उतरली.
मेंढवाड्याच्या आडोशाहून ते घेऊन आली,
शालीच्या झोळीत घातलं,
झोळी काट्याच्या आकड्याला अडकवली.
मी काटा वाचायला वाकले, तर म्हणाली, थांब,
बर्फ झटक आधी,
ते त्याचं नाही.

दोन किलो शंभर.

तीन पूर्णांक त्र्याहत्तर. विचलन शून्य पूर्णांक अठ्ठ्याहत्तर.
हेच कुबातबेकला पाठवलं.
वहीत सातव्या ओळीपुढे 'मृत' लिहिलं,
आणि वजन.

उठता उठता, उगाच,
त्याच पानावर शक्यतेचं बटण दाबलं.
अकरा विणी. सातांतलं एक जातं असं धरून.
किमान एक जाण्याची शक्यता: ब्याऐंशी टक्के.
सात कोकरांवरून एवढं बोलू नये
हे मला कळतं. पान बोलून मोकळं झालं.
कोणत्या मेंढीचं, याला चौकट नव्हती.

बॅटरी चार टक्के.
खाली सोनूनबूबू केव्हाच
वाळलं गवत पसरायला लागली होती,
अकराही जागी सारखंच,
करडीपाशी मात्र एक पेंढी जास्त.